दातानं दोरा

माझ्या मुलीनं भरल्या सभागृहात, दोनअडीचशे माणसांसमोर सांगितलं की तिची आई दातानं दोरा तोडते. माईकवर सांगितलं, हसून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर जरा थांबली, लोकांना ते नीट गिळता यावं म्हणून. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं, फुलदाणी ठेवावी तसं. बसल्या जागी मानेपासून माकडहाडापर्यंत कुणीतरी गार इस्त्री फिरवल्यासारखं झालं. चाळीस वर्षं मी कोटांची काजं करते आहे. हातानं. बटण जिथून आत जातं ते भोक म्हणजे काज. लोकांना वाटतं, भोक काय, कुणीही पाडेल. पाडेल की. पण त्याच्या कडेनं रेशमाची एकसारखी गाठ बसवत न्यायची, आणि ती वीस वर्षं उसवता कामा नये, तर त्याला हात बसावा लागतो, आणि हात बसायला निम्मं आयुष्य जातं. या चाळीस वर्षांत मी एकही दोरा दाताला लावलेला नाही. दातानं तोडला की दोऱ्याला शेपूट फुटतं, पीळ सुटतो, आणि कोट घालणाऱ्याच्या छातीवर आपली थुंकी जन्मभर राहते. माझी कातर माझ्या गळ्यात असते, काळ्या फितीत ओवलेली. ही पोरगी उभं राहायला शिकली ती माझं बोट धरून नाही, ती फीत धरून. मानेला अजून तिथं घट्टा आहे. आणि तीच माईकपाशी उभी राहून सांगते, आईची जुनी सवय, दातानं दोरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

ती बोलत होती तिनं केलेल्या वस्तूबद्दल. वस्तू म्हणजे एक हात. कोपरापासून पुढचा, काळा, तीन बोटांचा, पांढऱ्या टेबलावर पाय रोवून उभा. त्याच्यापुढून पांढऱ्या कापडाचा तागा हळूहळू सरकतो आणि हात त्यात काजं करत जातो. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. सकाळपासून चालू असावा, कारण टेबलाखाली कापडाचा ढीग साचला होता आणि त्या ढिगात नुसती काजं, बटण एकही नाही. बटणच नाही तर काज कशाला, असं विचारायची तिथं सोय नव्हती. भिंतीवर पाटी होती. खाली बारीक अक्षरांत माझ्या मुलीचं आणि प्रयोगशाळेचं नाव, वर ठळक अक्षरांत ‘आईचा हात’. काज पुरं झालं की तो हात थांबायचा, मग सुईसकट वर उठायचा, वर, आणखी वर, तिथं माणूस बसलं असतं तर त्याचं तोंड आलं असतं तिथवर, आणि रिकाम्या हवेत जरा डावीकडे कलून एक हिसका द्यायचा. दोरा खरा तुटायचा तो खाली, टेबलात बसवलेल्या पात्यावर. वरचं सगळं नाटक. पण लोक भुलले ते नाटकालाच. हात वर गेला की सगळ्यांचे श्वास वर जायचे, हिसका बसला की खाली. मागे कुणीतरी म्हणालं, “कसं अगदी माणसासारखं!” माणसासारखं, खरंच होतं ते. कुठल्या माणसासारखं तेही मला ठाऊक होतं, कारण ते माणूस माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसलं होतं.

वन्सं माझ्या कानाशी आल्या. “वहिनी,” त्या कुजबुजल्या, “ते माझंच आहे ना हो?”

“गप्प बसा.”

“नाही, मी आपलं विचारलं. मान कलते ना, तशी मी...”

“वन्सं, तोंड मिटा. लोक बघताहेत.”

त्यांनी तोंड मिटलं. पण मांडीवरची त्यांची बोटं त्या यंत्राबरोबर चालत होती, आत, बाहेर, गाठ, ओढ, झोपलेल्या माणसाची पापणी हलावी तशी. हात वर जाऊन हिसका द्यायचा तेव्हा त्यांचे ओठ जरासे उघडत. ह्यांची ही बहीण आमच्याकडे आली ती दोन दिवसांसाठी, नवऱ्याशी भांडून, एक पिशवी घेऊन. त्या दोन दिवसांना आता एकतीस वर्षं झाली. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला कोटांच्या टेबलाशी बसवलं. हे कापायचे, मी काजं करायची, आणि वन्संना दिली तुरपाई आणि बटणं. काज मागायची त्यांची छाती नव्हती आणि द्यायची माझी दानत नव्हती. “वन्संचा हात जड आहे,” असं मी आल्यागेल्याला सांगायची, त्यांच्यादेखत. खरं तर हात जड नव्हता, हात कुत्र्यासारखा आज्ञाधारक होता. माझं बघून बघून तो सगळं शिकला होता, फक्त दोरा तोडायचं सोडून. मी ओरडले की त्या कातर शोधायच्या, मी पाठ वळवली की दात. “दात आहेत का गुदामातला उंदीर?” असं मी म्हणायची आणि हे हसायचे. हे जाऊन सहा वर्षं झाली. कापायला आता पगारी माणूस येतो, हसायला कुणी नाही, आणि टेबलाशी आम्ही दोघी म्हाताऱ्या समोरासमोर, एकमेकींच्या धापा ऐकत.

गेल्या वर्षी कोटांचा हंगाम सुरू झाला आणि माझ्या सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. आधी मी सुईला बोल लावला, मग दोऱ्याला, मग खिडकीला, मग हवेला. शेवटी बघितलं तर हात. उजवा. पातेल्यातल्या पाण्याला उकळी यायला लागली की वरचं झाकण हलतं, आवाज न करता, नुसतं कडेकडेनं, तसा. मी तो मांडीखाली घेऊन बसले. थोड्या वेळानं काढला तर तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. घरात भाडेकरू शिरावा आणि लोकांना त्याची चाहूल लागू न देता आपल्यालाच जगावं लागावं, असं झालं मला. चहा अर्धा पेला घ्यायचा, बशी घ्यायचीच नाही, बशी चहाडखोर. कुणी सही मागायला दारात आलं तर आतून ओरडायचं, “वन्सं, बघा हो, माझे हात गुंतलेत.” कुणी जेवायला बोलावलं तर पोट बिघडलंय. बोलताना हातवारे बंद. माझ्यासारख्या बाईनं हातवारे न करता बोलायचं म्हणजे काय असतं ते बोलणाऱ्यालाच कळेल. निम्मे शब्द तोंडात मरतात. लोक म्हणायला लागले, काकू हल्ली निवळल्या. निवळले कसली, तुंबले होते.

आणि काजं? काजं थांबून चालणार नव्हतं. लोक कोट घेऊन लांबून येत ते काजांसाठी. एक दिवस मी पुढ्यातला कोट वन्संच्या मांडीवर टाकला. “जरा हे काज घ्या, माझी पाठ भरून आली.”

“पाठ?” त्यांनी विचारलं. “का हात?”

“पाठ म्हटलं ना.”

त्यांनी कोट घेतला. तेव्हापासून वर्षभर असंच. त्या खिडकीकडे तोंड करून काज करत, मी दाराकडे तोंड करून, एक जाडजूड कोट मांडीवर पांघरून, त्याच्याखाली हात दाबून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. गिऱ्हाईक काजावरून अंगठा फिरवायचं आणि म्हणायचं, “काकू, हात काय आहे तुमचा!” मी मान हलवायची. वन्सं पाठमोऱ्या. त्यांच्या मानेवरचे केस एकही हलायचे नाहीत. एकदाच, एकदा त्यांनी नुकतंच झालेलं काज उजेडाला धरलं आणि पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मी म्हटलं, “काय बघताय, भोक आहे.” त्यांनी कोट खाली ठेवला. त्या रात्री मला झोप लागली, हेच आज आठवलं की चमत्कारिक वाटतं. चांगली लागली.

अशा दिवसांत ही मुलगी आली. ही काय करते ते मला चारचौघांत सांगता येत नाही. चित्रकला शिकली, पण चित्रं काढत नाही. शास्त्रज्ञ लोकांच्या प्रयोगशाळांत जाऊन बसते आणि त्यांच्या कामातून वस्तू करते. एकदा तिनं बुरशी केली होती. आपल्या घरात बुरशी आली तर आपण पुसून काढतो. हिनं ती काचेच्या पेट्यांत वाढवली, खालून दिवे लावले आणि लोकांना बघायला बोलावलं. लोक आले. त्याच्या आधी अनोळखी माणसांच्या छातीचे ठोके घेऊन त्यावर दिव्यांची माळ उघडझाप करायला लावली होती. मी विचारलं, “यातला कुठला ठोका कुणाचा?” तर म्हणाली, “ते महत्त्वाचं नाही, आई.” मला तेच महत्त्वाचं वाटलं होतं. या वेळी ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “आई, तुझा हात मला ठेवून घ्यायचाय.”

“आत्ताच? मी मेल्यावर ने की.”

“चेष्टा नको. एक हातमोजा आहे, तो घालून तू रोज अर्धा तास काज करायचंस. हात कसा फिरतो, कुठं थांबतो, किती जोर लावतो, सगळं त्यात उतरतं. मग ते यंत्राला शिकवायचं. तुझ्यामागे कुणाला येतंय हे काम?”

माझ्या मांडीवर कोट होता. कोटाखाली हात उकळत होता. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि वन्संनी खिडकीकडून हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही नव्हतं, नुसतं बघणं. पण चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, “आण तुझा मोजा. त्यात काय आहे?”

मोजा घेऊन आला तो प्रयोगशाळेतला माणूस, लांबट, मऊ बोलणारा. मी त्याला वायरवाला म्हणायची. मोजा राखाडी, पातळ, प्रत्येक बोटावर वायरची शीर. “काकू, हात सैल सोडा.” “सैल सोडायला तो काय पोत्याचं तोंड आहे?” तो हसला. मग त्यानं पेटी सुरू केली आणि पडद्यावर हिरवी रेघ निघाली. मी काज धरलं. सगळा जीव अंगठ्यात आणला, दात आवळले, श्वास कोंडला, आणि रेघ निघाली कंगव्यासारखी. दाते, दाते, दाते. मला असल्या रेघा वाचता येत नाहीत, पण ती मला वाचता आली. वायरवाल्यानं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाला, “छान.” डॉक्टर छान म्हणतात आणि मग घरच्यांना बाहेर बोलावतात, तसलं छान. त्याच्या प्रयोगशाळेत ताबा सुटलेल्या हातांचा अभ्यास करतात, हे मुलीनंच मला नंतर जाता जाता सांगितलं, हवापाणी सांगावं तसं.

चार दिवस मी मोजा घातला. पाचव्या दिवशी नाही. पेटी टेबलावर कायमची ठेवलेली होती. मोजा चढवला की दिवा हिरवा, काढला की विझला. कुणाच्या हाताला चढवला, ते दिव्याला काय करायचंय? मुलगी तिकडे प्रयोगशाळेत, वायरवालाही तिकडेच. “वन्सं,” मी म्हटलं, “हे तुम्ही घाला बघू. मला खाज सुटते.” त्यांनी हात साबणानं धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि कुणी अंगठी चढवायला सांगितल्यासारखा हात पुढे केला. पाच आठवडे. रोज अकरा वाजता त्या हात धुऊन यायच्या. आणि तो मोजा असताना मला ओरडता यायचं नाही, कारण मोजा ऐकतोही की काय अशी मला धास्ती. म्हणून त्या पाच आठवड्यांत त्यांनी दोरा तोडला तो सुखानं, दातानं, प्रत्येक वेळी, मान डावीकडे कलवून. ते सगळं तिकडे गेलं. मला वाटलं होतं, हातांच्या हजार बारीक हालचालींत कुणाचं काय ते कोण ओळखणार आहे. मी यंत्राला मूर्ख समजले. यंत्रानं काही टाकलं नाही. एकतीस वर्षं मी वन्संना जे टाकायला सांगत होते, तेवढंच त्यानं उचलून लोकांसमोर धरलं.

मुलगी माईकपासून बाजूला झाली आणि संग्रहालयाच्या बाई आल्या. उंच, आखूड केसांच्या, शब्द तोलून टाकणाऱ्या. म्हणाल्या, ही कलाकृती आजपासून या संग्रहालयात कायमची राहील. आपण कुणी नसू तेव्हाही आपली मुलं येतील, त्यांची मुलं येतील, आणि एका आईचा हात काज करत असेल. पुन्हा टाळ्या. वन्संनीही वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर एक जास्तीची. मला एकाएकी दिसलं की हे आता कधीच थांबणार नाही. आम्ही दोघी जाऊ, टेबल जाईल, खिडकी जाईल, आणि हा हात इथं काजामागून काज करत, माझं नाव लावून, वन्संच्या तोंडापाशी जात राहील. माझी चोरी मी आपली टेबलापुरती केली होती. पोरीनं तिला काचेत ठेवून खाली दिवा लावला.

“आणि आज आईच आपल्यात आहेत,” बाई म्हणाल्या. “आई, एक काज आम्हाला करून दाखवाल? या हाताच्या शेजारी बसून?”

लोक चुळबुळले, मोबाइल वर झाले. कुणीतरी खुर्ची आणलीसुद्धा. मी मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा झाला होता. ती पटकन बाईंच्या कोपराला धरून म्हणाली, आणि माईक जवळ असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, “नको, नको. आईचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.”

माझे डोळे! चष्मा न लावता मी बाहीच्या काजातला चुकलेला टाका समोरच्या माणसाच्या अंगावर ओळखते, हे त्या पोरीला ठाऊक आहे. शाळेतून येताना तिच्या दप्तरात काय लपवलंय ते मी उंबऱ्यावरून सांगायची. डोळे म्हणजे धादांत खोटं, आणि ऐन वेळी सुचलेलंही नव्हतं ते, तयार होतं, खिशात घेऊन आली होती. तेवढ्यात मला कळलं. दाताचंही तसंच होतं. अज्ञान नव्हतं ते. तिला माहीत होतं. हात कुणाचा ते माहीत होतं, मोजा कुणी घातला ते माहीत होतं, आणि का, तेही. सगळं माहीत असून ती इतके महिने माझ्याकडे यायची, माझा अर्धा पेला भरून द्यायची. हो, अर्धाच. मी सांगितलेलं नसताना अर्धा. मला इतके दिवस वाटत होतं, मी घरात लपून बसले आहे. आणि दाराला कडी तिनं बाहेरून घातली होती.

“डोळ्यांना काही धाड भरलेली नाही,” मी म्हटलं, आणि उठले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण पाय निघाले होते. सहा पावलं असतील. सभागृहाच्या फरशीला इतकी चकाकी होती की मी माझ्याच तळव्यांवर उलटी चालत होते. खुर्चीत बसले तेव्हा समोरच्या बाजूनं दोरी लावली, लोक फार जवळ येऊ नयेत म्हणून, आणि मला वाटलं, झालं, आता या पेटीवर फक्त काच तेवढी चढवायची राहिली. डाव्या बाजूला यंत्राचा हात. जवळून त्याला वास होता, तापलेल्या तेलाचा. तो माझ्याकडे न बघता काम करत होता, शहाण्या माणसासारखा. माझ्या मांडीवर कुणीतरी कापडाचा तुकडा ठेवला, चीर आधीच पाडलेली. सुई दिली. रेशीम दिलं. उजव्या हाताच्या मुठीत मी सगळं आवळून धरलं. मूठ आवळली की हात थांबतो, हे मला वर्षभरात कळलं होतं. उघडली की सुरू. सुई तळहाताला टोचत होती. समोर दोनअडीचशे चेहरे, आणि त्यांच्या टोकाला वायरवाला उभा, एकटाच असा की जो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. तो मुठीकडे बघत होता. वाईट वाटून बघत होता, आणि त्याला वाईट वाटतंय याचा मला जो संताप आला तसा आयुष्यात कुणाचा आला नसेल. यंत्रानं एक काज पुरं केलं. हात वर गेला. सगळ्यांच्या माना वर गेल्या, माझी सोडून. मी वन्संकडे बघत होते. त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या आणि नुसत्या ओठांनी म्हणत होत्या, सोडा, वहिनी, सोडा. काय सोडा, सुई का मूठ, ते कळेना.

मुलगी दोरीखालून वाकून आत आली, माझ्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली आणि तिनं माझ्या मुठीवर आपले दोन्ही हात ठेवले. लांबून बघणाऱ्याला माया दिसली असेल. माईक दूर होता.

“आई, ऊठ,” ती पुटपुटली. “मी सांगते, चक्कर आली.”

“तुला माहीत होतं.”

“पहिल्या दिवसापासून. चार दिवस तुझी रेघ आली, पाचव्या दिवशी आत्याची. मला नाही कळणार?”

“मग दाताचं काय बोललीस?”

“काय बोलणार होते? हात वर का जातो ते जो तो विचारतो.”

“आत्याची सवय आहे म्हणायचं. आत्याचा हात आहे म्हणायचं.”

“आणि मग आईचं काय, असं विचारल्यावर?” तिचे डोळे भरले होते, खरेच भरले होते. “डॉक्टरांकडे तुला गुपचूप नेणारच होते मी. हे आजचं पार पडू दे म्हटलं. चार लोकांत कशाला? तुझ्यासाठीच केलं ना सगळं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आई.”

तिचे हात ऊबदार होते. त्या उबेखाली माझी मूठ गप्प पडून होती, वर्षभरात पहिल्यांदा मला तिला धरून ठेवायचे कष्ट पडत नव्हते. राहिलेलं आयुष्य त्या झाकणाखाली काढता आलं असतं. कुणी काही विचारलं नसतं. चक्कर आली म्हटलं असतं, लोकांनी पाणी आणलं असतं, वन्संनी घरी जाताना पंख्याला बोल लावला असता, आणि उद्या अकरा वाजता त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या असत्या, मी दाराकडे. हे सगळं मला अंथरूण दिसावं तसं मऊ दिसलं. आणि त्याच वेळी माझ्या मुलीच्या बोटांकडे बघताना मला दिसलं की ती झाकते कशी, नेमकी, कडा न सोडता, एकही टाका बाहेर न दाखवता. हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या टेबलावर बसून शिकली होती. मी जसं वन्संना वर्षभर पाठमोरं बसवलं, तसंच तिनं मला. आम्ही मायलेकी दोघींनी मिळून एका बाईला भिंतीवरच्या पाटीखाली पुरलं होतं आणि तिच्याकडून टाळ्या वाजवून घेत होतो.

मी मूठ तिच्या हातांतून ओढून काढली. “वन्सं,” मी हाक मारली, नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत, “या इकडे.”

“मी? कशाला? अहो, लोक...”

“या म्हटलं ना. नाहीतर मी येते ओढायला.”

त्या आल्या, दोरीत पाय अडकवून, सावरून. मी उठले आणि त्यांना खुर्चीत बसवलं. कापड त्यांच्या मांडीवर टाकलं. मग मूठ उघडली. उघडल्याबरोबर ते सुरू झालं, मनगटापासून बोटांपर्यंत, भर उजेडात, सगळ्यांच्या मोबाइलसमोर. मी सुई पुढे धरली तर ती घ्यायला वन्संना दोनदा चिमूट पुढे करावी लागली.  यंत्र तेवढं आपलं चालू. वन्संनी सुई घेतली, माझ्याकडे न बघता नेढ्यात दोरा घातला, एका झटक्यात, आणि पहिला टाका घेतला. मुलगी अजून खाली गुडघ्यांवरच होती. ती म्हणाली, “आई, हे काय केलंस तू?” आणि रडायला लागली, लहानपणी हट्ट मोडला की रडायची तशी, तोंड वेडंवाकडं करून. त्या रडण्यानं मी एरवी विरघळते. मी हात मागे घेतला नाही, लपवला नाही, तिच्या तोंडासमोर जसा होता तसा राहू दिला, आणि माईक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला सांगितलं:

“मला चक्कर आलेली नाही, माझे डोळे शाबूत आहेत, आणि तो हात तुझ्या आत्याचा आहे. माझा हा असा आहे, बघून घे. मी भ्याले म्हणून लपवला, ते माझं मी निस्तरेन. तू भ्याली नव्हतीस, तुला माझी लाज वाटली, आणि त्या लाजेला तू काळजी म्हणालीस. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल बाई, पण झाकल्या मुठीत सुई धरता येत नाही.”